कॅमेलॉटचा स्थाननिश्चय : प्रमाणांची परीक्षा

(१) ब्रिटनचा आख्यायिकाप्रसिद्ध राजा आर्थर याची सभा कॅमेलॉट नगरींत भरत असे, अशी समजूत आहे. ही नगरी प्रत्यक्ष कोठें होती याचा शोध हौशी व विद्वान असे दोन्ही वर्गांतले लोक चार शतकांहून अधिक काळ करीत आले आहेत. या खटाटोपास काकदंतगवेषणा म्हणून हंसण्याचें कारण नाहीं. परंतु त्याची रीत तपासणें अवश्य आहे. आधीं नांव घ्यावयाचें व मग त्यास जुळेल अशी भूमि धुंडावयाची, हा क्रम आमच्या मतें उलटा आहे.

(२) प्रथम नांवाचाच आधार पाहूं. आर्थरचा काळ इ. स. ५०० च्या सुमाराचा मानतात. इ. स. ८३० च्या सुमारास रचलेल्या 'हिस्टोरिया ब्रिटोनम' या लॅटिन ग्रंथांत त्याच्या बारा लढाया सांगितल्या आहेत. कॅमेलॉटचा उल्लेख नाहीं. सन ११३८ च्या सुमारास जेफ्री ऑफ मॉन्मथ यानें आर्थरची मोठी सभा भरविली ती वेल्समधील कार्लियन येथें. 'कॅमेलॉट' हा शब्द प्रथम आढळतो तो क्रेतियाँ द त्र्वा या फ्रेंच कवीच्या लान्सलॉटविषयक काव्यांत, म्हणजे सन ११८० च्या आसपास. आणि तोहि ओघांत, एकदांच. शिवाय ग्वियो नामक लेखनिकाच्या प्रसिद्ध प्रतींत त्या जागीं नगराचें नांवच नाहीं. राजास रुचेल तितक्या थाटाची सभा, अशा अर्थाचे शब्द आहेत. मूळ पाठ कोणता हें संपादकांनीं ठरवावें. परंतु ज्या नांवाच्या जोरावर टेकड्या खणावयाच्या, त्याचा सर्वांत जुना आधार साडेसहाशें वर्षांहून अधिक उत्तरकालीन असून तेथेंहि पाठभेद आहे, हें विसरून कसें चालेल?

(३) आतां स्थळें घेऊं. टॉमस मॅलरी कॅमेलॉट म्हणजे विंचेस्टर म्हणतो. त्याचाच ग्रंथ १४८५ सालीं छापणारा कॅक्स्टन प्रस्तावनेंत वेल्सकडे बोट दाखवितो. विंचेस्टरच्या सभागृहांत भिंतीवर अठरा फूट व्यासाचें ओकचें गोल मेज टांगलेलें आहे. पण तें तेराव्या शतकांतलें ठरलें असून त्यावरील रंगकाम आठव्या हेन्रीच्या अमदानींतलें आहे. कोल्चेस्टरचा पक्ष त्याच्या 'कॅम्युलोडूनम' या रोमन नांवावर उभा आहे. तेंच नांव यॉर्कशरमधील स्लॅक येथील रोमन ठाण्याचेंहि होतें असें धरून प्रा. पीटर फील्ड यांनीं २०१६ सालीं स्लॅकचा पक्ष मांडला. एकाच नामसादृश्यानें दोन स्थळें सिद्ध होऊं लागलीं, तर तो हेतु अनैकान्तिक होय. त्यावरून निगमन काढतां येत नाहीं.

(४) सर्वांत विचारार्ह पक्ष सॉमर्सेटमधील कॅडबरीच्या टेकडीचा. जॉन लेलंड यानें १५४२ सालीं तिला कॅमेलॉट ठरविलें व स्थानिक लोकांची साक्ष दिली. परंतु जवळच क्वीन कॅमेल व वेस्ट कॅमेल हीं गांवें आहेत. तेव्हां दंतकथा लोकांनीं लेलंडास दिली, कीं नांवें ऐकून लेलंडानेंच ती तेथें बसविली, ही शंका राहतेच. १९६६ ते १९७० या काळांत लेस्ली ऑल्कॉक यांनीं तेथें उत्खनन केलें. लोहयुगांतील तटबंदी रोमन सत्ता गेल्यावर पुन्हा उभारलेली, आंत लांकडी खांबांचें मोठें सभागृह, आणि भूमध्यसमुद्राकडून आलेल्या भांड्यांचीं खापरें, असा ऐवज निघाला. हा खरा लाभ होय. रोमन अंमल संपल्यावरहि तेथें कोणी बलाढ्य पुरुष नांदत होता व त्याचा दूरच्या व्यापाराशीं संबंध होता, हें त्यावरून कळतें. परंतु संशोधनसमितीनेंच आपल्या नांवांत 'कॅमेलॉट' धारण केलें होतें. त्यामुळें खापरांपेक्षां आर्थरचीच चर्चा अधिक झाली. पुढें ऑल्कॉक यांनीं स्वतः आर्थरविषयक मत सोडलें, पण लोकांच्या मनांतून कॅमेलॉट गेलें नाहीं. त्या अनामिक पुरुषाचा इतिहास परक्या नांवाखालीं झांकला गेला.

(५) आपल्याकडील विक्रमाच्या नवरत्नसभेची गोष्ट अशीच आहे. ती यादी 'ज्योतिर्विदाभरण' या उत्तरकालीन ग्रंथांत येते. संवत् इ. स. पू. ५७ चा, आणि सभासद वराहमिहिर तर शके ४२७ पासून गणित मांडणारा! अशा सभेचें दालन उज्जयिनींत शोधणाऱ्यानें आधीं ती एका काळीं भरली होती काय, हें पाहावें. म्हणून पोथीसंग्राहकांस आमची सूचना इतकीच कीं, स्थळनाम आढळतांच प्रतीचा काळ, लेखनिक व पाठभेद टिपून ठेवावे. कुदळ त्यानंतर उचलावी, आणि जें निघेल त्यास त्याच्याच पुराव्यानें मिळेल तेवढेंच नांव द्यावें.