खाडिलकरांची पदं मला का आवडत नाहीत

(बदलापूर येथे झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याची धाटणी शक्यतो तशीच ठेवली आहे.)

बाहेरच्या फळ्यावर आजचा विषय वाचून एका आजोबांनी मला दारातच अडवलं. म्हणाले, ‘खाडिलकर आवडत नाहीत म्हणजे काय? आणि हे तुम्ही बदलापुरात सांगणार?’ (हशा) त्यांचा राग मला समजतो. आपल्याकडे कितीतरी घरं गिरगाव, दादर, डोंबिवली सोडून इथं आली. येताना कपाटं विकली, पण नाट्यसंगीताच्या कॅसेटी विकल्या नाहीत. आमच्याही घरी त्या होत्या. तेव्हा मी हे बाहेरचा म्हणून बोलत नाहीये. हीच गाणी ऐकत मी मोठा झालो.

आधी एक प्रसंग सांगतो. काही वर्षांपूर्वी आपल्याच भागातल्या एका नाट्यगीत स्पर्धेला मी परीक्षक होतो. अकरा-बारा वर्षांची एक मुलगी ‘स्वयंवर’मधलं रुक्मिणीचं भीमपलासातलं पद गायली. सूर पक्का, ताना स्वच्छ. मी सहज विचारलं, ‘बाळा, या पदाचा अर्थ काय गं?’ तिनं आईकडे बघितलं. आईनं बाईंकडे. आणि बाईंनी माझ्याकडे! (हशा) खरं सांगतो, मलाही तो धड सांगता आला नसता. तिला पहिला नंबर दिला आणि घरी आलो. गुणांच्या तक्त्यात सूर, ताल, तयारी, सादरीकरण असे रकाने होते. अर्थाला रकानाच नव्हता. तेव्हापासून हा विषय माझ्या डोक्यात बसलाय.

आता माझी तक्रार नेमकी कशाबद्दल आहे ते सांगतो. चालींबद्दल नाही. ‘मानापमान’च्या चाली गोविंदराव टेंब्यांच्या, ‘स्वयंवर’च्या भास्करबुवा बखल्यांच्या. तिथं बोट ठेवायची माझी लायकी नाही. बालगंधर्वांच्या गळ्याबद्दल तर नाहीच नाही. आणि खाडिलकरांच्या गद्याबद्दलही नाही. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर म्हणजे ‘केसरी’त टिळकांच्या शेजारी बसून लिहिणारा माणूस. 1907 साली त्यांचं ‘कीचकवध’ आलं. कीचकात लोकांना कर्झन दिसला, सरकारलाही दिसला, आणि 1910 मध्ये नाटकावर बंदी आली. ज्या लेखकाच्या गद्यातला शब्द न् शब्द इंग्रज सरकारला समजला आणि झोंबला, त्याच लेखकाच्या पदातला शब्द मराठी माणसाला समजत नाही. हे कसं झालं?

बंदीच्या पुढच्याच वर्षी, 12 मार्च 1911 ला, किर्लोस्कर नाटक मंडळीनं ‘मानापमान’ रंगभूमीवर आणलं. खाडिलकरांचं हे पहिलं संगीत नाटक. टेंब्यांनी चाली आणल्या त्या ठुमरी, दादरा, गझल अशा उत्तरेकडच्या गाण्यांच्या. चाल आधी ठरलेली, शब्द मागून बसवायचे.

इथं एक गैरसमज काढून टाकतो. चाल आधी आणि शब्द नंतर, हा काही गुन्हा नाही. अण्णासाहेब किर्लोस्करही आयत्या चालींवर लिहीत, देवलही लिहीत. अमेरिकेत रिचर्ड रॉजर्स आधी लॉरेन्झ हार्टबरोबर काम करायचा तेव्हा सूर आधी असायचे, पुढे हॅमरस्टीनबरोबर शब्द आधी आले. दोन्ही पद्धतींनी चांगली गाणी झाली. प्रश्न असा, की चाल कुठल्या जातीची आहे आणि तिच्यासाठी कवी काय काय सोडून द्यायला तयार आहे.

किर्लोस्करांच्या साक्या, दिंड्या, कीर्तनी आणि लावणीच्या वळणाच्या चाली घ्या. तिथं साधारण एका अक्षराला एक सूर. वाक्य सरळ चालत जातं, ऐकणाऱ्याला शेवटपर्यंत कळतं. ख्याल-ठुमरीची बंदिश वेगळी. मूळ चीज ब्रज भाषेतली, दोन-चार ओळींची, मऊ स्वरान्त शब्दांची. एकेक शब्द घोळवायचा, परत परत म्हणायचा, त्यावर ताना घ्यायच्या. तिथं मराठी वाक्य बसवायला गेलात की ‘आहे’, ‘झाला’, ‘करते’ ही आपली क्रियापदं अडायला लागतात. मग क्रियापद गाळायचं. विभक्ती गाळायची. चार शब्दांचा एक संस्कृत समास करायचा. कर्ता शेवटी, कर्म मध्येच कुठंतरी. समेवर लांब आकार हवा म्हणून तसा शब्द शोधायचा. खाडिलकरांनी हे सगळं केलं, आणि भरपूर केलं. म्हणून पद वाचायला घेतलं की अन्वय लावत बसावं लागतं, शाळेत श्लोकाचा लावायचो तसा.

आता याच्या शेजारी गोविंद बल्लाळ देवलांची ‘शारदा’ ठेवा, 1899 ची. म्हाताऱ्या नवऱ्याला द्यायला काढलेली कोवळी पोर. ती गाते तेव्हा ती बोलतेच आहे असं वाटतं. आळीतली मुलगी जशी बोलेल तशी. बालविवाहाला आळा घालणारा 1929 चा कायदा ‘शारदा कायदा’ म्हणून ओळखला जातो, आणि तो या नाटकावरून आला असं अजूनही पुष्कळ जण समजतात. ते खरं नाही. तो हरबिलास सारडा यांच्या नावावरून आला. पण गैरसमज झाला, हीसुद्धा देवलांना पावतीच आहे ना? लोकांना ते नाटक शब्दांसकट पोचलं होतं.

यावर जाणकार म्हणतील, आणि माझे वडील तर कायम म्हणायचे, ‘अरे, नाट्यसंगीतात शब्द कोण ऐकतंय? ख्यालात कधी ऐकतोस का?’ ख्यालात मी ऐकत नाही, कबूल. पण ख्यालात भामिनी नसते. नाटकात असते. श्रीमंत बापाची ही लेक गरीब सैनिक धैर्यधराला नाकारते, मग तोही तिला नाकारतो, आणि त्याची पारख करायला ही वनमाला नावाची साधी मुलगी बनून त्याच्यासमोर जाते. केवढी नाट्यमय जागा आहे! दागिने उतरवल्यावर ही बाई कशी बोलेल? काही पदं सोपी आहेत, नाही असं नाही. पण एकंदरीत पदांच्या भाषेनं दागिने उतरवलेच नाहीत. वेश साधा आणि पद भरजरी. जे नाटक संपत्तीपेक्षा शौर्य मोठं म्हणतं, त्याचीच पदं शब्दांची श्रीमंती मिरवत बसतात. माझी मुख्य तक्रार ही आहे. नुसतं अवघड आहे म्हणून नाही. अवघड तर ज्ञानेश्वरीही आहे.

आणि याची किंमत नाटकानं मोजली. पद कळत नसलं की गोष्ट पदापाशी थांबते. मग पद म्हणजे मैफल, मैफलीला ‘वन्स मोअर’, आणि धैर्यधर बिचारा बाजूला उभा. पुढं तर पद आणि नाटककार यांची फारकतच झाली. गडकऱ्यांचं ‘एकच प्याला’ 1919 मध्ये त्यांच्या मृत्यूनंतर रंगभूमीवर आलं. त्याची पदं विठ्ठल सीताराम गुर्जरांनी लिहिली. सिंधूचं बोलणं एकाचं, गाणं दुसऱ्याचं! प्रेक्षकांनी ते आनंदानं ऐकलं. ग्रामोफोनच्या तबकडीनं उरलेलं काम केलं. पद नाटकातून सुटून घरात आलं. कोण, कुणाला, का गातंय, हे माहीत असायची गरजच संपली.

मग ही पदं टिकली कशी? टिकली, कारण सूर थोर होते आणि गळे थोर होते. 8 जुलै 1921 ला टिळक स्वराज्य फंडासाठी केशवराव भोसले आणि बालगंधर्व ‘संयुक्त मानापमाना’त एकत्र आले, त्याच्या आठवणी लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या सांगितल्या. 2025 मध्ये ‘मानापमान’वर सिनेमाही आला. पण त्या सगळ्या आठवणींमध्ये शोधून बघा. कुठली तान, कुठला सूर, कुणी कुणावर मात केली, हे सापडतं. ‘त्या शब्दानं काळजाला हात घातला’ असं सांगणारा माणूस मला तरी अजून भेटलेला नाही.

वडील शेवटी आजारी होते तेव्हा मी त्यांना तीच पदं लावून द्यायचो. त्यांचे डोळे भरून यायचे, माझेही यायचे. ते सुरांनी यायचे. शब्द मला तेव्हाही कळत नव्हते, आणि ‘बाबा, याचा अर्थ काय?’ हे विचारायचं राहून गेलं. कदाचित त्यांनाही माहीत नसेल.

म्हणून ही पदं बंद करा असं मी म्हणत नाही. कोण ऐकणार माझं! (हशा) एवढंच मागणं आहे, की इथं गाणं शिकवणाऱ्या ताई-दादांनी मुलांना पद आधी गद्यासारखं वाचायला लावावं. अन्वय लावून द्यावा. ज्याचा लागणार नाही, त्याबद्दल मुलांना मोकळेपणानं सांगावं, की बाळांनो, इथं चाल मोठी आहे आणि शब्द पडलेत. देवलांचं एखादं पद शेजारी शिकवावं. आणि पुढच्या स्पर्धेच्या तक्त्यात अर्थाचा एक रकाना वाढवावा, दहाच गुणांचा का होईना.

आता प्रश्न घेऊ. ते दारातले आजोबा आधी विचारतील, त्यांचा हात केव्हाचा वर आहे. विचारा आजोबा.