ब्राइटनेस नावाचा अंधार

टीव्हीच्या रिमोटवरचं मेनूचं बटण आपण बहुधा चिडून दाबतो. चेहरे टोमॅटोसारखे लाल झालेत, रात्रीच्या प्रसंगात काही दिसत नाही, असं काही बिनसल्याशिवाय तिकडे कोणी फिरकत नाही. त्यामुळे 'पिक्चर' या पानावरचे पाच-सहा शब्द निवांत वाचायचे राहूनच जातात. त्यातला सगळ्यांत चकवणारा शब्द 'ब्राइटनेस'.

नाव प्रकाशाचं, कारभार अंधाराचा. बऱ्याच टीव्हींवर ही पट्टी सरकवली की बदलतो तो काळा रंग. नेहमीच्या आठ-बिटी व्हिडिओत काळ्याचा आकडा 16 आणि पांढऱ्याचा 235. त्या 16ला पडद्यावर किती काळं दाखवायचं, ते ब्राइटनेस ठरवतो. पांढऱ्याकडचं टोक 'कॉन्ट्रास्ट' सांभाळतो. 'तुंबाड' (2018) लावून पाहा. पावसात भिजलेला, कंदिलाच्या उजेडात चाचपडणारा सिनेमा. पट्टी जरा जास्त खाली गेली तर भिंतींची ओल, कोपऱ्यातली हालचाल, सगळं एका डबक्यात बुडतं. जरा वर गेली की वाडा राखेनं सारवल्यासारखा दिसतो, आणि भीती निघूनच जाते. मधे एक जागा अशी असते, जिथे काळं काळंच राहतं पण त्यात काहीतरी आहे अशी शंका येते. ती सापडली की तंबोऱ्याची जवारी लागल्याचा आनंद होतो. काही कंपन्यांनी अलीकडे या पट्टीचं नाव सरळ 'ब्लॅक लेव्हल' करून टाकलंय. अचूक आहे, पण गंमत गेली.

आणखी एक बारकावा. पट्टी निवडताच बाकीचा मेनू गुपचूप नाहीसा होतो आणि तळाशी तेवढी एक रेघ उरते. ज्याची दुरुस्ती करायची ते चित्रच झाकलं जाऊ नये, एवढी जाण कुण्या रचनाकाराला होती. त्याला मनातून दाद देतो. काही क्षण हात थांबला की ती रेघही परस्पर निघून जाते, ही घाई मात्र त्याच्या नावे मांडावी लागेल.

'टिंट'ची कथा निराळी. अमेरिकेच्या जुन्या एनटीएससी पद्धतीत लहरीची कला वाटेत जरा सरकली तरी गोरा चेहरा हिरवट व्हायचा. एकच रंग दोनदा दिसायचा नाही, अशी त्या आद्याक्षरांची थट्टा तंत्रज्ञच करत. जर्मनीत वाल्टर ब्रुख यांनी 'पाल' पद्धत काढली: एका रंगसंकेताची कला एकाआड एक ओळीत उलटवायची, म्हणजे शेजारच्या दोन ओळींच्या चुका एकमेकींना खाऊन टाकतात. 1982 साली दूरदर्शन रंगीत झालं ते याच पालवर. टिंटची आपल्याला कधी फारशी गरजच पडली नाही. तरी एचडीएमआयच्या काळातही ती मेनूत आहे; गाय जाऊन पिढ्या लोटल्या तरी गोठाच म्हणतात त्या खोलीसारखी.

'शार्पनेस' नवं काही दाखवत नाही. कडांना पांढरी किनार लावतो, आणि नटाची खरी मिशीही चिकटवलेली वाटायला लागते.

खरा वाद पुढच्या पानावर. सिनेमात सेकंदाला 24 चित्रं असतात. टीव्ही मधली चित्रं स्वतः कल्पून भरतो. गवयानं मुद्दाम मोकळी सोडलेली जागा तबलजीनं भरून काढावी, तसं. मग 'तुंबाड'चा वाडा दुपारच्या मालिकेच्या सेटसारखा दिसतो. डिसेंबर 2018मध्ये टॉम क्रूझ आणि दिग्दर्शक ख्रिस्तोफर मॅक्वारी यांनी हे बंद करा म्हणून खास व्हिडिओ काढला होता. बंद कुठून करायचं हे शोधणं हीच कसोटी, कारण प्रत्येक कंपनीनं त्याचं बारसं वेगळं केलंय.

मी घरच्या टीव्हीला 'सिनेमा' मोडवर आणून रंगतापमान 'वॉर्म' केलं. दुकानात डोळ्यांत भरणाऱ्या निळसर पांढऱ्यापेक्षा मानक मानलेल्या 6500 केल्विनच्या ते जवळ असतं. "पिवळं दिसतंय," आई म्हणाली. दोन रात्री दम धर म्हटलं. तिसऱ्या रात्री ती काही बोलली नाही.

रविवारी मॅच होती. रात्री टीव्ही लावला तर मैदान पोपटी. मोड 'डायनॅमिक', आणि आई निर्विकार. मी मेनूचं बटण दाबलं. चिडूनच.