माशांच्या आहारातील मेद आणि पाऱ्याची विषबाधा : पेशीस्तरीय अभ्यासांची चिकित्सा

प्रस्तावना : जपानमधील मिनामाता येथील विषबाधेची अधिकृत नोंद १९५६ मध्ये झाली. मिथिल मर्क्युरी हे पाऱ्याचे सेंद्रिय रूप मासळीवाटे माणसापर्यंत पोहोचते, हे त्यानंतर सिद्ध झाले. दरम्यान मत्स्यशेतीत बदल झाला. खाद्यातील मत्स्यतेलाची जागा मोठ्या प्रमाणात वनस्पती तेलांनी घेतली. माशाच्या पेशीपटलातील मेदाम्ले आहारानुसार बदलतात. साहजिकच, या बदलामुळे पाऱ्याला मिळणारा पेशींचा प्रतिसादही बदलतो काय, हा प्रश्न पुढे आला. सामन माशाच्या वृक्कपेशींवरील प्रयोगांसारखे अभ्यास याच प्रश्नातून उद्भवले.

मेदाचे कार्य : मिथिल मर्क्युरी मेदात साठते, हा समज चुकीचा आहे. ते प्रामुख्याने प्रथिनांतील सिस्टीनच्या गंधकयुक्त गटांशी बांधले जाते; म्हणून त्याचा साठा स्नायूंत आढळतो. त्याच्यामुळे ग्लुटाथायोन घटते आणि सेलेनियमयुक्त विकरांचे कार्य मंदावते. पेशीपटलातील मेदाचे ऑक्सिडीकरण रोखणारी ही यंत्रणा दुबळी झाली की मेदाम्लांची रचना निर्णायक ठरते. लिनोलिक आम्लात २, इपीएमध्ये ५, तर डीएचएमध्ये ६ द्विबंध असतात. द्विबंध जितके अधिक, तितकी ऑक्सिडीकरणाची शक्यता अधिक. याउलट, ओमेगा-३ मेदाम्लांपासून दाह शमविणारी द्रव्ये तयार होतात, तर ओमेगा-६ गटातील अ‍ॅराकिडोनिक आम्लापासून दाह वाढविणारी. एकच मेदाम्ल एका मार्गाने पेशीला दुबळे करते आणि दुसऱ्या मार्गाने सावरते.

चिकित्सा : त्यामुळे 'ओमेगा-३ पाऱ्यापासून संरक्षण करते' असे सरसकट विधान टिकत नाही. पेशीसंवर्धनात मेदाम्ल थेट दिले जाते; पचन, यकृतातील चयापचय आणि ई जीवनसत्त्वाचा पुरवठा या पायऱ्या गळतात. पाऱ्याची मात्राही बहुधा निसर्गातील मात्रेहून अधिक असते आणि तिचा काळ तासांत वा दिवसांत मोजला जातो; माशात मात्र पारा वर्षानुवर्षे साठतो. अधिक गंभीर त्रुटी अशी की, पेशी जगल्या एवढ्यावरून संरक्षण गृहीत धरले जाते. पेशीत पारा कमी शिरला, की तेवढाच शिरूनही हानी कमी झाली, हा भेद पेशीतील पारा मोजल्याशिवाय कळत नाही.

हा भेद केवळ तात्त्विक नाही. पारा सहन करणारा मासा धडधाकट दिसतो, परंतु त्याच्या स्नायूंतील पारा खाणाऱ्याच्या पानात तसाच येतो. २००३ मध्ये अन्न व कृषी संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या संयुक्त तज्ज्ञ समितीने मिथिल मर्क्युरीची सह्य मर्यादा आठवड्याला शरीराच्या दर किलो वजनामागे १.६ मायक्रोग्रॅम ठरविली. ती मर्यादा खाणाऱ्याच्या शरीरात जाणाऱ्या पाऱ्याची आहे. माशाच्या प्रकृतीशी तिचा संबंध नाही.

समारोप : मेदाम्ले पाऱ्याचे परिणाम बदलू शकतात, पारा नाहीसा करू शकत नाहीत. पेशीस्तरीय अभ्यास कार्यकारणाचा मार्ग दाखवितात, हे त्यांचे मोल निर्विवाद आहे. मात्र त्यांचे निष्कर्ष खाद्यनिर्मितीत वा आहारसल्ल्यात उतरविण्यापूर्वी जिवंत माशांवरील दीर्घकालीन प्रयोगांत स्नायूंतील पारा आणि पेशींची हानी या दोन्हींचे एकत्रित मापन अपरिहार्य ठरते.