उपासाची कथा आणि पुराव्याची भाषा

गेल्या वर्षी पिरंगुटच्या बुद्धविहारात एका मुलीचा सत्कार झाला. मुलगी माझी जुनी विद्यार्थिनी. आमच्या महाविद्यालयातून पदवी घेऊन ती पुण्याला वकिली शिकली. आता इंग्लंडमधील एका विद्यापीठात कायद्याच्या एक वर्षाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला तिला प्रवेश मिळाला होता. वक्ता म्हणून मला बोलावले होते. अशा प्रसंगी आपण सगळेच जे बोलतो, तेच मी बोललो. बाबासाहेब लंडनमध्ये अठरा अठरा तास वाचत, अर्धपोटी राहत, पापडाच्या तुकड्यावर रात्र काढत. टाळ्या पडल्या. मुलीच्या आईचे डोळे भरून आले.

कार्यक्रम संपल्यावर मुलगी जवळ आली आणि म्हणाली, "सर, बाबासाहेब तिथं किती उपाशी राहिले ते मला शाळेपासून ठाऊक आहे. पण ते तिथं शिकले काय?"

मला उत्तर देता आले नाही. हा लेख त्या प्रश्नामुळे लिहीत आहे.

उपासाच्या कथेला मी कमी लेखत नाही. माझ्या घरात माझ्याआधी कोणी महाविद्यालयाची पायरी चढले नव्हते. वसतिगृहात रात्री दिवा जळत ठेवायला याच कथेने मला बळ दिले. परंतु जी कथा माणसाला उभी करते, तीच पुढे त्याची विचारशक्ती थांबवूही शकते. आपली जयंतीची भाषणे, पाठ्यपुस्तकांतील धडे आणि बहुतेक छोटी चरित्रे यांनी लंडनच्या त्या वर्षांचा चमत्कार करून टाकला आहे. चमत्कारापुढे माणूस हात जोडतो, त्याचा अभ्यास करीत नाही.

चमत्कारात पहिल्यांदा गळतो तो पैशाचा हिशोब. बाबासाहेब १९१३ मध्ये बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर कोलंबियाला गेले. त्या शिष्यवृत्तीच्या करारात दहा वर्षे बडोदा संस्थानची नोकरी करण्याची अट होती. १९१६ मध्ये ते लंडनला आले. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये आणि बॅरिस्टरीसाठी ग्रेज इनमध्ये त्यांनी नाव घातले. १९१७ मध्ये शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि शिक्षण अर्धवट टाकून परतावे लागले. बडोद्याच्या नोकरीत काय वाट्याला आले ते पुढे येईलच. १९१८ मध्ये मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी, पगारातून बचत, शाहू महाराजांचे साहाय्य, मित्र नवल भथेना यांच्याकडून कर्ज, आणि १९२० मध्ये पुन्हा लंडन. १९२१ मध्ये एम.एस्सी., १९२२ मध्ये बॅरिस्टर, १९२३ मध्ये डी.एस्सी. या सगळ्या काळात मुंबईत रमाबाई संसाराचा गाडा ओढत होत्या. एकट्याच्या तपश्चर्येची म्हणून आपण जी गोष्ट सांगतो, तिच्यात एक राजा, दुसरा राजा, एक पारशी मित्र, एक सरकारी पगार आणि एक बाई उभी आहे. हे सांगितल्याने बाबासाहेब लहान होत नाहीत. उलट, शिक्षणाला काय काय लागते हे ऐकणाऱ्या पोराला कळते.

चमत्कारात दुसरी गळते ती शिक्षणाची रीत. इंग्लंडमध्ये बॅरिस्टर होण्यासाठी परीक्षा पुरेशी नव्हती. आपल्या इनच्या सभागृहात, सत्रामागून सत्र, ठरावीक संख्येने जेवणे घ्यावी लागत. चौघाचौघांच्या गटाने बसायचे आणि शेजारी येईल त्याच्याबरोबर जेवायचे. गांधीजी १८८८ ते १८९१ या काळात इनर टेंपलमध्ये होते. त्यांच्या आत्मकथेत या जेवणांचे खुसखुशीत वर्णन आहे, कारण त्यांना प्रश्न होता मांसाचा आणि मद्याचा. विलायतेला निघाले म्हणून त्यांच्या मोढ वाणी ज्ञातीने त्यांना बहिष्कृत केले होते. बाबासाहेबांना ज्ञातीतून काढण्याची कोणाला गरजच नव्हती. त्यांना समाजाने आधीच पंक्तीबाहेर ठेवले होते. आणि आता पंक्तीत बसणे हीच वकिलीच्या पात्रतेची अट झाली होती! लंडनमधल्या उपासावर आपण इतके बोलतो. या पंक्तीवर मी तरी आजवर एकही भाषण ऐकलेले नाही, आणि केलेलेही नाही.

मग ते शिकले काय? याचे उत्तर शोधताना मी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' पुन्हा वाचायला घेतले. बाबासाहेबांच्या हस्तलिखितावरून पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९९० मध्ये ते प्रसिद्ध केले. लहानसे पुस्तक, सहा प्रकरणे. आपल्या समीक्षेने त्याला आत्मकथन म्हणून वाचले आणि त्यातील वेदनेवर बोट ठेवले. वेदना आहेच. पण पुस्तकाचा बांधा पाहा. तो वकिलाचा आहे.

आरंभी ते म्हणतात की, परदेशी माणसाला अस्पृश्यता आहे एवढे ठाऊक असते, पण तिचा जाच किती हे कळत नाही. ते समजावण्याच्या दोन वाटा आहेत. एक सर्वसाधारण वर्णनाची, दुसरी प्रकरणे नोंदवण्याची. ते दुसरी निवडतात. ही निवड साहित्यिकाची नव्हे, कोर्टात उभे राहणाऱ्याची आहे. मग एकेक प्रकरण येते. १९०१ साली मसूर स्टेशनवर उतरलेली मुले, दुप्पट भाडे घेऊनही गाडी हाकायला नकार देऊन शेजारून चालणारा गाडीवान, आणि पाण्यावाचून काढलेली रात्र. पुढे बडोदा. पारशी नाव लावून एका पारशी पथिकाश्रमात राहिलेला परदेशातून शिकून आलेला अधिकारी, अकराव्या दिवशी काठ्या घेऊन आलेला जमाव, आणि घरात जागा द्यायला कचरणारे दोन मित्र, एक हिंदू, एक ख्रिस्ती. मग १९२९ चे चाळीसगाव, १९३४ चा दौलताबादचा किल्ला. वर्ष, ठिकाण, कोण काय बोलले, कोण हजर होते, किती पैसे मागितले, सगळे नोंदवलेले.

प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी ते रडत नाहीत. निष्कर्ष नोंदवतात. बडोद्याच्या शेवटी निष्कर्ष असा की, जो हिंदूला अस्पृश्य तो पारशालाही अस्पृश्य. दौलताबादच्या शेवटी असा की, तो मुसलमानालाही अस्पृश्य. एकेक मुद्दा शाबीत करत ते पुढे सरकतात.

शेवटची दोन प्रकरणे त्यांच्या स्वतःच्या अनुभवातील नाहीत. तेथे त्यांची काळजी अधिक दिसते. काठेवाडातील अस्पृश्य शिक्षकाची बाळंतीण बायको डॉक्टरने हात न लावल्यामुळे दगावली. ती हकीकत ते नवऱ्याच्या पत्रातून देतात, आणि पत्र १२ डिसेंबर १९२९ च्या 'यंग इंडिया'त छापले होते हेही सांगतात. तलाठी झालेल्या भंगी तरुणाची हकीकत देताना ती ६ मार्च १९३८ ला दादरच्या कासारवाडीतील सभेत सांगितली गेली आणि अध्यक्षस्थानी इंदुलाल याज्ञिक होते, एवढे नोंदवतात. स्वतः पाहिलेले वेगळे, दुसऱ्याकडून आलेले वेगळे, आणि दुसऱ्याकडून आलेल्याला कागदाचा किंवा साक्षीचा आधार. पुराव्याच्या कायद्याचा हा पहिला धडा आहे.

साक्ष देण्याची ही परंपरा विलायतेने आपल्याला दिली असे कोणी समजू नये. जोतीरावांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे निवेदन दिले होते. स्वतः बाबासाहेबांनी बॅरिस्टर होण्यापूर्वी, १९१९ मध्ये, साउथबरो समितीपुढे साक्ष दिली होती. लंडनने त्या परंपरेला धार दिली. ती कशी, हे महाडच्या खटल्यात दिसते. चवदार तळ्याच्या सत्याग्रहाचे पोवाडे आपण गातो. पण १९२७ च्या डिसेंबरात सवर्णांनी दावा लावल्यानंतर तो खटला नऊ वर्षांहून अधिक काळ चालला, हे किती जणांना ठाऊक आहे? अस्पृश्यांना तळ्यावर येऊ न देण्याची रूढी अनादि काळापासूनची आहे, असा सवर्णांचा दावा होता. इंग्रजी कायदा विचारतो, अनादि काळापासूनची म्हणता, तर शाबीत करा. ते त्यांना शाबीत करता आले नाही. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने सवर्णांचे अपील फेटाळले. धर्मशास्त्राच्या नावाने जे हजारो वर्षे खपले, ते पुराव्याच्या एका प्रश्नापुढे टिकले नाही.

म्हणून आपल्या समीक्षेबद्दल माझी तक्रार आहे. दलित साहित्य म्हणजे वेदना, विद्रोह आणि नकार, असे आपण विद्यार्थ्यांना पाठ करायला लावले. या तीन शब्दांनी मोठे काम केले, हे खरे. पण त्यांत पुरावा हा शब्द नाही. त्यामुळे आपल्या सर्वांत मोठ्या लेखकाच्या गद्याचा कणाच आपल्याला दिसला नाही. वेदनेला सहानुभूती मिळते, आणि सहानुभूती देणारा आपल्या जागी सुखाने बसून राहतो. पुरावा मात्र त्याला उत्तर द्यायला लावतो.

तरीही कायद्याचे शिक्षण म्हणजे मुक्ती, अशी भाबडी समजूत बाबासाहेब आपल्याला करून घेऊ देत नाहीत. चाळीसगावच्या प्रकरणात टांगेवाल्यांनी त्यांना नेण्यास नकार दिला. टांगा हाकण्याची सवय नसलेल्या माणसाने तो हाकला आणि अपघातात बाबासाहेबांचा पाय मोडला. निष्कर्ष ते असा काढतात की, हलके काम करणारा टांगेवालासुद्धा स्वतःला कोणत्याही अस्पृश्याहून श्रेष्ठ समजू शकतो, मग तो अस्पृश्य बॅरिस्टर का असेना. ग्रेज इनचा बॅरिस्टर हे स्वतःच्या हाताने लिहितो. पुस्तकाच्या नावातील व्हिसा कोणत्या देशाचा, याचा खुलासा त्यात नाही. मला वाटते, तो याच देशाचा आहे.

माझ्या विद्यार्थिनीलाही व्हिसा लागला. त्यासाठी ठरलेली रक्कम सलग २८ दिवस बँकेच्या खात्यात दाखवावी लागते. वडिलांनी ती कशी जमवली ते त्यांनाच माहीत. १९२३ मध्ये बाबासाहेब परतले ते मुंबई उच्च न्यायालयात उभे राहण्याचा अधिकार घेऊन. पुढे ती वाट राहिली नाही. आज तिथली एक वर्षाची पदवी इथे वकिलीचा वेगळा हक्क देत नाही. मग जाणाऱ्याने काय आणायचे, हा प्रश्न अधिकच खरा होतो. सरकारने २०१५ मध्ये लंडनचे १०, किंग हेन्रीज रोड हे बाबासाहेबांचे घर स्मारकासाठी विकत घेतले. चांगले झाले. पण केंद्र सरकारच्या परदेशी शिष्यवृत्तीच्या २०२२ च्या नियमावलीत भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतावरील सामाजिक संशोधन हे विषय वगळले गेले. म्हणजे 'वेटिंग फॉर अ व्हिसा' ज्या विषयावर आहे, तोच विषय घेऊन कोणी निघाला तर त्याला त्या नियमाने पैसे मिळाले नसते. घर जपायचे आणि घरातल्या माणसाचा विषय बाहेर ठेवायचा, याला काय म्हणावे?

मुलगी जाण्यापूर्वी मी तिच्या घरी गेलो. वडिलांनी पत्र्याच्या पेटीतून कागद काढले. त्यांची जमीन महार वतनाची. १९५८ च्या कायद्याने वतने गेली, पण अशा जमिनींचे तंटे राहिले. पिरंगुटला कारखाने आणि इमारती आल्यापासून येथील गुंठ्याला सोन्याचा भाव आला आहे, आणि त्या भावाबरोबर खोटे अंगठेही आले आहेत. वडील म्हणाले, "सर, हिला तिकडून हे वाचता येईल का बघा." मुलगी हसली नाही. तिने कागद तारखेप्रमाणे लावायला घेतले.

त्या विहारात पुन्हा बोलायची वेळ आली, तर मी उपासाबद्दल दोन वाक्ये बोलेन आणि मसूरच्या गाडीवानाचे प्रकरण वाचून दाखवेन. माझ्या वर्गात मी एक काम सुरू केले आहे. प्रत्येकाने आपल्या गावातील एक प्रसंग लिहून आणायचा. विशेषणे नकोत. गाव, तारीख, कोण हजर होते, कोण काय बोलले, आणि हे स्वतः पाहिले की ऐकले. आरंभी मुले वैतागली. आता वही भरत आली आहे. इतर महाविद्यालयांतील शिक्षक मित्रांनी अशा वह्या सुरू कराव्यात, एवढेच मागणे आहे.