भ्यालेला कर्ता पुरुष

दिवाळीच्या फराळाशेजारी अणुबाँबची गोष्ट कशाला, असे कुणी म्हणेल. पण अकिरा कुरोसावाचा ‘इकिमोनो नो किरोकू’ हा १९५५ सालचा जपानी चित्रपट बाँबविषयी कमी आणि भरल्या घराविषयी अधिक बोलतो. म्हणूनच तो घरातल्या मंडळींपुढे ठेवावासा वाटतो.

१ मार्च १९५४ रोजी अमेरिकेने बिकिनी बेटांवर हायड्रोजन बाँबची चाचणी घेतली. दूरवर मासे धरणाऱ्या एका जपानी नौकेवर तिची राख पडली; २३ खलाशी आजारी पडले, आणि सप्टेंबरात त्यांतला एक दगावला. हिरोशिमाची जखम सुकली नव्हती, तोच हे घडले. संगीतकार फुमिओ हायासाका याच्याशी झालेल्या बोलण्यातून कुरोसावाला ही कथा सुचली. चित्रपट पुरा होण्याआधीच हायासाका वारला.

कथानायक नाकाजिमा हा ओतशाळेचा म्हातारा मालक. बाँब पडणार या धास्तीने सारे विकून अख्ख्या गोतावळ्याला ब्राझीलला न्यायचे त्याने ठरवले आहे. गोतावळ्यात बायको, मुले, सुना आहेत, तशा ठेवलेल्या बायका आणि त्यांची पोरेही आहेत. मुले कोर्टात जातात : बापाचे डोके ठिकाणावर नाही, त्याच्या हातून व्यवहार काढून घ्या.

आमच्या भोर-वेल्ह्याकडच्या वाचकाला हे सारे उलटे वाटेल. आमच्याकडे तरणी पोरे पुण्या-मुंबईस जातात आणि भाताची खाचरे सोडायला नको म्हणतो तो म्हातारा. येथे म्हाताराच पाऊल उचलतो, आणि कारखान्याला चिकटून बसतात ती मुले. पण भीतीला शहाणपण कधी म्हणायचे, हा प्रश्न आमच्या खोऱ्यालाही परका नाही. वेल्हे तालुक्यातले पानशेतचे धरण १२ जुलै १९६१ रोजी फुटले. आदल्या रात्री जवान वाळूची पोती रचून ते सावरू पाहत होते. त्याच्या आठवडाभर आधी पुण्याच्या नदीकाठच्या एखाद्याने बिऱ्हाड हलवले असते, तर शेजारी हसले असते; बाराच्या दुपारी त्यालाच सर्वांनी द्रष्टा म्हटले असते. माणूस तोच, भीती तीच. निकाल दिला तो पाण्याने.

कुरोसावा नाकाजिमाला असा निकाल मिळू देत नाही. चित्रपटात बाँब पडतच नाही. म्हातारा खरा ठरत नाही आणि खोटाही ठरत नाही. या चित्रपटाचे बळ मला येथे दिसते.

दुसरे बळ म्हणजे म्हाताऱ्याला साधू केलेला नाही. तो हेकट आहे, हुकूम सोडणारा आहे. पण कोर्टात भांडण पेटलेले असताना, उकाड्यात घामाघूम झालेल्या आपल्याच विरोधकांसाठी तो थंड पेयाच्या बाटल्या घेऊन येतो! वीज चमकताच तान्ह्या पोरावर स्वतःचे अंग झोकतो. पस्तिशीतल्या तोशिरो मिफुनेने हा सत्तरीचा बाप उभा केला आहे. रंगरंगोटी कोठे कोठे जाणवते. पण ती दबलेली, रागीट नजर खरी वाटते.

शेवटी कारखानाच नाहीसा झाला तर घरचे निघतील, म्हणून तो स्वतःच्या ओतशाळेला आग लावतो. मग कामगार विचारतात, आमचे काय? म्हातारा चिखलात गुडघे टेकतो. आपल्या माणसांच्या मायेत परक्यांची पोटे त्याला दिसलीच नव्हती. घराघरांतले कर्ते पुरुष हीच चूक करतात. त्यासाठी बाँबची गरज नसते.

एक उणीव सांगितली पाहिजे. वेडा तो की निर्धास्त राहणारे आपण, हा प्रश्न वेड्यांच्या इस्पितळातला डॉक्टर बोलून दाखवतो. प्रेक्षकाला तो केव्हाच पडलेला असतो. त्यानंतरचा क्षण मात्र शब्दांपलीकडचा आहे. आपण दुसऱ्या ग्रहावर सुखरूप पोचलो अशी म्हाताऱ्याची समजूत आहे. खिडकीतून मावळता सूर्य दिसतो, आणि पृथ्वी पेटली म्हणून तो ओरडतो.

त्या काळी हा चित्रपट फारसा चालला नाही. लोकांना भीती विसरायची होती. अण्वस्त्रे मात्र आजही आहेत, आणि आपण निवांत आहोत. ही निवांतपणाची सवय शहाणपणाची म्हणायची, की नुसती सोयीची? घरातल्या थोरांनी आणि पोरांनी एकत्र बसून हा चित्रपट पाहावा, आणि मग या प्रश्नावर खुशाल भांडावे.