भूगोलाच्या पदवीचे नियोजन : पेण-रोहा परिसराच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रास्ताविक

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 ची अंमलबजावणी महाराष्ट्रातील स्वायत्त महाविद्यालयांत 2023-24 पासून व संलग्न महाविद्यालयांत 2024-25 पासून सुरू झाली. त्यामुळे पदवी स्तरावरील प्रत्येक विषयाची पुनर्मांडणी करणे क्रमप्राप्त ठरले. भूगोलही त्यास अपवाद नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने ऑगस्ट 2025 मध्ये नऊ विषयांच्या अध्ययन-निष्पत्तीवर आधारित अभ्यासक्रमाचे मसुदे सूचनांसाठी प्रसिद्ध केले, त्यांतही भूगोलाचा समावेश होता. म्हणजे भूगोलाची पदवी कशी असावी, हा प्रश्न तूर्त तरी खुला आहे. या प्रश्नाची चर्चा सामान्यतः विद्यापीठाच्या अभ्यास मंडळात होते. ज्या महाविद्यालयांत ती पदवी प्रत्यक्ष शिकविली जाते, तेथून मात्र तिचा विचार क्वचितच होतो. प्रस्तुत लेखात रायगड जिल्ह्यातील पेण व रोहा या दोन तालुक्यांच्या भूमीवरून तो करण्याचा प्रयत्न केला आहे. लेखाचा रोख कोणत्याही एका विद्यापीठावर किंवा महाविद्यालयावर नाही. आक्षेप आहे तो नियोजनाच्या पद्धतीवर.

श्रेयांकांचे गणित आणि विषयाचा क्रम

तीन वर्षांच्या पदवीसाठी किमान 120 व चार वर्षांच्या पदवीसाठी किमान 160 श्रेयांक, अशी नवी रचना आहे. हे श्रेयांक मुख्य विषय, उपविषय, खुले वैकल्पिक, व्यावसायिक कौशल्य, कौशल्यवृद्धी, भारतीय ज्ञानप्रणाली, क्षेत्र प्रकल्प, कार्यानुभव प्रशिक्षण अशा कप्प्यांत विभागलेले आहेत. नियोजनाच्या बैठकीत प्रथम कप्पे मांडले जातात, नंतर प्रत्येक कप्प्यात बसेल असे शीर्षक शोधले जाते आणि शेवटी त्या शीर्षकाखाली घटक लिहिले जातात. परिणामी 'प्राकृतिक भूगोल', 'मानवी भूगोल', 'महाराष्ट्राचा भूगोल', 'सुदूर संवेदन' ही नावे यथास्थित राहतात. परंतु एका पेपरातून दुसऱ्या पेपरात विद्यार्थ्याने काय घेऊन जावयाचे, याचे उत्तर कोठेच सापडत नाही. जुन्या वार्षिक पद्धतीत, तृतीय वर्ष कला शाखेत चार ते नऊ क्रमांकांचे सहा पेपर होते, त्या काळातही हा दोष होता. मात्र तेव्हा वर्षभर एकच शिक्षक एक पेपर शिकवीत असल्याने तो आपल्या परीने सांधे जुळवीत असे. पंधरा आठवड्यांच्या सत्रात तेवढी उसंत राहत नाही.

याचा पुरावा प्रात्यक्षिकांच्या वह्यांत मिळतो. रोहा परिसरातील विद्यार्थी हिमगव्हराची आकृती सुबक काढतो, समोच्चरेषांवरून व्ही-आकाराची दरी ओळखतो. परंतु मे महिन्यात सह्याद्रीतील ओढे कोरडे पडलेले असताना कुंडलिकेला पाणी कोठून येते, असे विचारले तर गप्प बसतो. त्याला हा प्रश्न भूगोलाचा आहे असे वाटलेलेच नसते. पेण व रोहा ही दोन्ही गावे भारतीय सर्वेक्षण विभागाच्या जुन्या क्रमांकनानुसार 47 एफ या अंशपत्रात येतात (पुणे शहरही त्याच पत्रात आहे, हे पाहून विद्यार्थ्यांना नेहमी आश्चर्य वाटते). असे असूनही स्थलनिर्देशक नकाशाचे वाचन बऱ्याचदा दूरच्या एखाद्या प्रदेशाच्या नकाशावर होते, कारण प्रश्नपत्रिकेत तोच येण्याचा संभव असतो. आता सर्वेक्षण विभागाचे नकाशे संकेतस्थळावरून मिळू शकतात, 'भुवन'वर उपग्रह प्रतिमा पाहता येतात आणि क्यूजीआयएससारखी प्रणाली विनामूल्य आहे. म्हणजे साधनांच्या अभावाची सबब बरीचशी संपली आहे.

कुंडलिकेचे पाणी

वरील प्रश्नाकडेच थोडे सविस्तर पाहू. मुळशी येथे मुळा नदीचे पाणी अडवून ते सह्याद्रीच्या माथ्यावरून सुमारे 500 मीटर खाली भिरा येथील जलविद्युत केंद्रात आणले जाते. टाटांचे हे केंद्र 1927 पासून कार्यरत आहे. वीज निर्माण करून बाहेर पडलेले पाणी कुंडलिकेच्या पात्रात येते. त्या पाण्यावर कोलाड परिसरातील राफ्टिंग चालते, रोह्याची व धाटावच्या औद्योगिक वसाहतीची गरज भागते आणि पुढे ही नदी रेवदंड्याच्या खाडीतून अरबी समुद्रास मिळते. निसर्गक्रमाने हेच पाणी मुळा, भीमा व कृष्णा या मार्गाने बंगालच्या उपसागरास जावयाचे. जलविभाजक ओलांडून आलेले पाणी ज्या नदीला बारमाही करते, ती नदी वर्गाच्या खिडकीपासून फार दूर नाही.

या एका उदाहरणात पदवीच्या किती पेपरांचे द्रव्य आहे, हे मोजून पाहण्यासारखे आहे. पश्चिम घाटाचा कडा, त्याच्या दोन्ही उतारांवरील पर्जन्यातील तफावत व नदीचा अनुदैर्घ्य छेद हा प्राकृतिक भूगोल झाला. वीजकेंद्राची स्थाननिश्चिती व धाटाव येथील रासायनिक उद्योगांचे केंद्रीकरण हा आर्थिक भूगोल. सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखालील 1921 ते 1924 या काळातील मुळशी सत्याग्रह हा विस्थापनाचा, म्हणून मानवी भूगोलाचा विषय. पश्चिमेकडे वळविलेल्या पाण्याचा प्रश्न कृष्णा पाणी तंटा लवादापुढेही आला होता. तेथे राजकीय भूगोल सुरू होतो. उद्योगांचे सांडपाणी व खाडीतील मासेमारी यांचा संबंध पर्यावरण भूगोलाकडे नेतो. प्रचलित मांडणीत हे पाच तुकडे पाच सत्रांत विखुरले जातात आणि बहुधा पाचही ठिकाणी उदाहरणे निराळी असतात. एकच नदी पाच वेळा, दर वेळी निराळ्या प्रश्नाने पाहिली, तर विद्यार्थ्याच्या हाती पदवीअखेर त्या नदीविषयी स्वतः केलेली एक जाडजूड नोंदवही असेल.

ही कल्पना नवी नाही. स्कॉटिश विचारवंत पॅट्रिक गेडिस यांनी डोंगरमाथ्यापासून समुद्रापर्यंतच्या नदीखोऱ्याचा एक छेद कल्पून, त्याच्या प्रत्येक पायरीवरील भूमी, व्यवसाय व वस्ती यांचा एकत्र अभ्यास करावा, अशी मांडणी विसाव्या शतकाच्या आरंभी केली होती. हेच गेडिस 1919 मध्ये मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र व नागरिकशास्त्राचे प्राध्यापक म्हणून आले व 1924 पर्यंत येथे होते. ज्या विद्यापीठात हा विचार स्वतः त्याचा कर्ता घेऊन आला, त्याच्याच कार्यक्षेत्रात भिरा ते रेवदंडा हा आयता छेद उपलब्ध आहे. गेडिस यांचे नाव आपल्याकडे नगररचनेच्या घटकात दोन ओळींत येते व संपते, ही खंत नोंदविल्यावाचून राहवत नाही.

खारेपाट आणि गणपतींचे कारखाने

पेणचे द्रव्य याहून वेगळे, आणि प्रस्तुत लेखकाच्या मते अधिक निकडीचे आहे. पेण तालुक्याच्या पश्चिमेस खाड्यांलगत खारेपाटाची सपाट भूमी पसरली आहे. बांध घालून, उघाड्या बसवून, उधाणाचे पाणी बाहेर ठेवून ती भातशेतीखाली आणलेली आहे. बांधाला खांड पडली की खारे पाणी शेतात शिरते आणि पुढील काही हंगाम वाया जातात. या जमिनींसाठी राज्यात 1979 चा खारजमीन विकास अधिनियम आहे. पनवेल येथील खारजमीन संशोधन केंद्राने क्षारसहिष्णू भाताचे वाण दिले आहेत. खारेपाटातील विद्यार्थ्याला उधाण आणि भांग हे शब्द घरातूनच ठाऊक असतात. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास बांधावर कोण जागते, हेही तो सांगू शकतो. वर्गात मात्र भरती-ओहोटीचा घटक सूर्य, चंद्र व पृथ्वी यांच्या आकृतीने सुरू होतो आणि तेथेच थांबतो. घरचे ज्ञान आणि आकृती यांची गाठ घालून देणे हे शिक्षकाचे काम होते. अभ्यासक्रमाने त्यासाठी एकही तास राखून ठेवलेला नसतो.

खारेपाटाचा प्रश्न केवळ मृदेचा नाही. तालुक्यात हेटवणे धरण आहे, त्याचे पाणी नवी मुंबई परिसराला जाते आणि शिर्की-वाशी भागातील गावे पिण्याच्या पाण्यासाठी वर्षानुवर्षे आंदोलने करीत आली आहेत. महामुंबई विशेष आर्थिक क्षेत्राच्या वेळी हेटवणेच्या लाभक्षेत्रातील 22 गावांत 21 सप्टेंबर 2008 रोजी शेतकऱ्यांचे मत अजमावण्यात आले, ते याच भूमीवर. त्या वादाच्या मुळाशी एक नकाशा होता : लाभक्षेत्राची रेषा कोठून जाते आणि तिच्या आत कोणाची शेते येतात. तो प्रकल्प त्या स्वरूपात उभा राहिला नाही. पुढे जानेवारी 2024 मध्ये शिवडी-न्हावाशेवा अटल सेतू खुला झाला आणि त्याच वर्षी उरण, पनवेल व पेण या तालुक्यांतील 124 गावांसाठी मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणास नवनगर विकास प्राधिकरण म्हणून नेमण्यात आले. म्हणजे आज प्रथम वर्षात बसलेल्या काही विद्यार्थ्यांची घरे व शेते उद्याच्या विकास आराखड्यावर असणार आहेत. त्या आराखड्याचे प्रमाण, सूची व रंग वाचून ग्रामसभेत दोन प्रश्न विचारता येतील, एवढी क्षमता भूगोलाच्या पदवीने दिली नाही, तर त्या पदवीचा उपयोग कोणता, हे आपण शिक्षकांनी स्वतःला विचारावे.

गणपतींच्या कारखान्यांविषयी थोडक्यात. पेण, हमरापूर, जोहे या पट्ट्यातील मूर्तिव्यवसाय सर्वपरिचित आहे. शाडूची माती गुजरातेतून येते, मूर्ती मुंबई-पुण्यास व परदेशी जातात, मग व्यवसाय पेणलाच का स्थिरावला? वेबरचा 1909 मधील स्थाननिश्चितीचा सिद्धान्त येथे कोठे लागू पडतो व कोठे पडत नाही, हे तपासण्यास याहून सोयीचे उदाहरण मिळणे कठीण. गणेशोत्सवापूर्वीचे दोन महिने अनेक विद्यार्थी कारखान्यांत रंगकाम करतात आणि हजेरीपटावर अनुपस्थित ठरतात. कच्च्या मालाचे मूळ, मजुरी, वाहतूक व बाजारपेठ यांच्या नोंदी शिक्षकाच्या देखरेखीखाली ठेवल्यास हेच काम कार्यानुभव प्रशिक्षणात धरता येईल, असे माझे मत आहे. ही सवलत ठरू नये एवढी काटेकोर तपासणी मात्र त्यास हवी.

क्षेत्र प्रकल्पाचे स्थान

नव्या रचनेत क्षेत्र प्रकल्पास स्वतंत्र श्रेयांक मिळाले, ही निःसंशय स्वागतार्ह बाब आहे. एका श्रेयांकास क्षेत्रकार्याचे 30 तास धरले जातात. परंतु प्रकल्प एका सत्रात कोंबला गेल्याने जुन्या सहलीचेच नवे रूप उभे राहण्याचा धोका आहे. महाबळेश्वरच्या सहलीचे अहवाल तपासताना लागोपाठच्या तीन तुकड्यांत परिच्छेदच्या परिच्छेद तेच आढळल्याचा अनुभव मला आहे. अनेक सहकाऱ्यांनाही तो असेल. इंग्लंडमध्ये 2016 पासूनच्या ए-लेव्हल भूगोलास, म्हणजे पदवीपूर्व स्तरावरच, किमान चार दिवसांचे क्षेत्रकार्य अनिवार्य आहे. आपल्या पदवीत ते तिसऱ्या किंवा पाचव्या सत्रापर्यंत थांबावे, यास शैक्षणिक कारण दिसत नाही.

शिवाय क्षेत्राला स्वतःचे वेळापत्रक असते. प्राकृतिक भूगोलाचा पहिला पेपर ऐन पावसाळ्यात येतो. ओढा गढूळ कधी होतो, दरडीचा उतार कसा भिजतो, उधाण बांधाला कोठवर लागते, हे पाहण्याचा तोच काळ. 2021 मधील तळिये व 2023 मधील इर्शाळवाडी या दुर्घटनांनंतर रायगडातील भूगोलाच्या विद्यार्थ्याने उताराचा अभ्यास केवळ आकृतीवरून करावा, हे पटत नाही. अर्थात, पावसाळ्यात विद्यार्थ्यांना धोक्याच्या जागी नेऊ नये. महाविद्यालयाच्या आवारातील पर्जन्यमापकाची रोजची नोंद आणि एखाद्या सुरक्षित पुलावरून पाणीपातळीची आठवड्याची नोंद एवढ्यावरही पहिल्या सत्राचे काम भागते. तीच जागा मे महिन्यात पुन्हा पाहिली की वर्षाचा अभ्यास जुळतो.

आक्षेप आणि अडचणी

या मांडणीवर मुख्य आक्षेप असा येईल, की विद्यार्थ्याला पुढे पदव्युत्तर प्रवेश, लोकसेवा आयोग किंवा नेट परीक्षा द्यावयाची असते. तेथे कुंडलिका किंवा शिर्की विचारली जात नाही. आक्षेप खरा आहे. परंतु वर दाखविल्याप्रमाणे कुंडलिकेच्या पाण्यावरून कृष्णा खोऱ्यापर्यंत आणि खारेपाटावरून जगातील कोणत्याही त्रिभुज प्रदेशापर्यंत जाता येते. उलट दिशेचा प्रवास, म्हणजे पाठ केलेल्या व्याख्येवरून आपल्या शिवाराकडे येणे, विद्यार्थी सहसा करीत नाही.

दुसरी अडचण अधिक कठीण आहे. तालुक्याच्या ठिकाणी भूगोल विभाग बहुधा एका किंवा दोन शिक्षकांचा असतो. त्यातील एक घड्याळी तासिका तत्त्वावर. कार्यभार टिकविण्यासाठी विभागाला खुल्या वैकल्पिकांची भर घालावी लागते आणि मुख्य विषयाची तुकडी लहान होत जाते. अशा विभागाकडून दर सत्रात नवे क्षेत्रकार्य अपेक्षिणे अन्यायाचे होईल. यावर एक व्यवहार्य मार्ग सुचतो. पेण, कासू, नागोठणे, रोहा ही स्थानके एकाच लोहमार्गावर आहेत. दोन्ही तालुक्यांतील विभागांनी क्षेत्रकार्य वाटून घ्यावे : पेणकरांनी रोह्याच्या विद्यार्थ्यांना खारेपाट दाखवावा, रोहेकरांनी पेणच्या विद्यार्थ्यांना भिरा ते रेवदंडा न्यावे, आणि मूल्यमापन परस्परांनी करावे. वाटेत नागोठण्याची अंबा नदी व तेथील पेट्रोरसायन संकुल येतेच. यासाठी दोन प्राचार्यांची संमती, एक सामाईक नोंदवही आणि विद्यापीठाकडून परस्पर मूल्यमापनास मान्यता एवढेच लागते. पहिल्या दोन गोष्टींसाठी कोणत्याही परिपत्रकाची वाट पाहण्याचे कारण नाही. येत्या जूनमध्ये पर्जन्यमापक बसवितानाच ती नोंदवही सुरू करता येईल.