'प्लॉट' आणि 'कथानक'

इंग्रजीतील 'प्लॉट' या शब्दाचा प्राचीन अर्थ जमिनीचा लहान तुकडा असा आहे. सोळाव्या शतकात फ्रेंच 'कॉम्प्लो'च्या प्रभावाने त्याला गुप्त कटाचा अर्थ प्राप्त झाला; इंग्लंडमधील १६०५ चा 'गनपावडर प्लॉट' त्याची साक्ष देतो. साहित्यकृतीतील घटनांची योजना हा अर्थ त्यानंतर रूढ झाला. मराठी समीक्षेतील 'कथानक' ही पर्यायी संज्ञा मात्र सांगणे या अर्थाच्या 'कथ्' धातूपासून आलेली आहे. तीत निवेदन सूचित होते. आखणी व कारस्थान नव्हे. परिणामी कथानकाची चर्चा पुष्कळदा घटनांच्या सारांशातच संपते आणि लेखकाने काय, केव्हा व कशासाठी दडवले, हा प्रश्न अनुत्तरित राहतो. व्यवहारातील मराठीने 'प्लॉट' जमिनीपुरता स्वीकारला; समीक्षेने त्यातील 'कट'ही विचारात घेणे आवश्यक आहे.